शून्य धरलेला थकवा

भोयर सरांना काहीही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. खिशातली दस्ती, म्हणजे हातरुमाल, काढायचे, तिची घडी मोडायचे, पुन्हा नीट चौपदरी घालायचे, खिशात ठेवायचे आणि मग बोलायचे. प्रश्न कोणताही असो. चहात साखर घालू का, असं विचारलं तरी दस्ती बाहेर यायचीच. नव्या माणसाला वाटे, सरांना कमी ऐकू येतं. तो पुन्हा मोठ्याने विचारी, आणि सर बिचारे दुसऱ्यांदा दस्ती काढत.

मुलांनी त्यांचं नाव 'लोडिंग सर' ठेवलं होतं. संगणकाच्या पडद्यावर काम चालू असताना ते चक्र फिरत राहतं ना, तसं. सरांना हे नाव ठाऊक होतं. त्यांनी एकदा मला स्टाफरूममध्ये सांगितलं, "पोरं चुकीचं नाई बोलत, मॅडम. वेळ लागते मले."

मी आदिलाबादच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. अजूनही शिकवते. गणित सगळ्याच शाखांना लागतं, त्यामुळे ते बंद करण्याचं कुणाच्या मनात येत नाही. भोयर सर इलेक्ट्रॉनिक्सचे. आमची टेबलं शेजारी होती, एवढीच आमची ओळख. पण टेबल शेजारी असलं की माणूस हळूहळू पाठ होतो. कॉलेजच्या प्रत्येक ग्रुप फोटोत सगळे दात काढून उभे आहेत आणि भोयर सर मात्र गंभीर आहेत. ते हसत नसत असं नाही. फोटोग्राफर 'हसा' म्हणाला की ते हसायचेच, पण त्यांचं हसू ओठांपर्यंत पोचेस्तोवर तो कॅमेरा मिटून चहाला गेलेला असे.

सर जैनथचे. घरचा भाजीचा मळा, आणि बसस्टॉपजवळ भावाचं भाजीचं दुकान. रोज बसने येत. बसस्टॉपवर आलेला माणूस विचारतो, गाडी किती वाजता आहे. सर विचारत, "काल कवा आली होती?" कंडक्टर वैतागायचा. बोर्डावर वेळ लिहिलेली आहे, वाचता येत नाही का, म्हणायचा. सरांचं म्हणणं, बोर्डावर लिहिलं ते लिहिणाऱ्याच्या मनातलं आहे, काल काय झालं ते खरं आहे. या एका विषयावर ते दस्ती न काढता बोलत असत, आणि समोरच्याला कंटाळा आला तरी थांबत नसत.

इथे येण्याआधी ते बरीच वर्षं बेंगळुरूला एका चिपच्या कंपनीत होते. तिथे त्यांचं काम काय होतं, हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ट्रान्झिस्टरची खोड काढायचं." ट्रान्झिस्टर गरम करायचा, गार करायचा, हळू चालवायचा, जोरात चालवायचा आणि प्रत्येक वेळी मोजायचं. त्या मोजण्यातून काही आकडे काढायचे. त्या आकड्यांच्या गठ्ठ्याला मॉडेल म्हणतात. पुढे जगात कुठेही कुणी त्या ट्रान्झिस्टरचं सर्किट संगणकावर तपासून पाहतो, तेव्हा संगणकाला ट्रान्झिस्टर दिसत नसतो, हे आकडे दिसतात. आकडे खरे तर पडद्यावरचा ग्राफ खरा. एवढं सांगून ते थांबले, आणि म्हणाले, "मोजून मोजून जीव कंटाळला. माय आजारी पडली तवा वापस आलो, बरंच झालं." आई दोन पावसाळे अंथरुणाला खिळून होती, शेवटी गेली. सर मग इथेच राहिले.

त्यांच्या टेबलावर निर्मल गावच्या खेळण्यांतला एक लाकडी आंबा असे. पिवळाधमक, देठाशी हिरवट, दुरून पाहिला तर तोंडाला पाणी सुटेल असा. दर वर्षी नव्या वर्गात तो जायचा. सर तो पहिल्या बाकावर देत आणि म्हणत, "पाय बरं, कसा हाय." पोरं फिरवत फिरवत शेवटच्या बाकापर्यंत नेत. मग सर विचारत, "रंग बरोबर हाय?" हो. "आकार?" हो. "मंग खा." वर्ग हसायचा. सर हसत नसत, किंवा हसेपर्यंत पुढच्या वाक्यावर गेलेले असत. "ज्यानं हे बनवलं त्यानं रंग घेतला, आकार घेतला, रस सोडून देल्ला. त्याचं चुकलं नाई, त्याले शोकेसमधी ठेवाचा होता. चूक तुमची, तुमी दात लावला तर." मॉडेलमध्ये काय घेतलंय आणि काय सोडलंय, एवढं एकच जन्मभर विचारत राहा, असं ते सांगत. तेलुगू माध्यमातून आलेल्या पोरांना तेच पुन्हा मोडक्या तेलुगूत सांगत. आंबा एका वर्षी कुणीतरी खरंच चावून पाहिला. त्याच्यावर दातांची खूण आहे.

पण सरांचा खरा विषय थकवा. हा शब्द पुस्तकात नाही, त्यांचाच. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असला की त्याच्या पोटात भार साठतो. बंद हो म्हटलं तरी तो भार रिकामा झाल्याशिवाय तो बंद होत नाही. पुन्हा चालू हो म्हटलं तर आधी भरावं लागतं. या भरण्या-रिकामं होण्याचे काही आकडे असतात, मॉडेलमध्ये ते भरायचे असतात. सर त्यांना 'थकव्याचे आकडे' म्हणत. "बोलावल्याबरोबर कोणी उठते का? माणूस उठत नाई, बैल उठत नाई, मंग ट्रान्झिस्टर काऊन उठंन?"

मी एकदा रिकाम्या तासाला त्यांच्या लॅबमध्ये बसले होते. त्यांनी एकच सर्किट दोनदा चालवून दाखवलं, एकदा थकव्याच्या आकड्यांसह आणि एकदा ते रिकामे सोडून. संथ चालवलं तेव्हा दोन्ही ग्राफ एकावर एक बसले, फरक शोधून सापडेना. "पायलं? घंटी वाजवाची असंन तर काईच फरक नाई पडत." मग त्यांनी वेग वाढवत नेला. ग्राफ हळूहळू एकमेकांपासून सुटायला लागले. शेवटी एकीकडे सरळ उभ्या भिंती होत्या आणि दुसरीकडे पावसाने खचलेले बांध. खरा ट्रान्झिस्टर त्या बांधांसारखाच वागणार होता. मी म्हटलं, "मग रिकामं सोडल्यावर सॉफ्टवेअर काही सांगत नाही का?" दस्ती आली, गेली. "नाई. शून्य धरते. रिकामं म्हंजे थकवा नाईच, असं समजते. इचारत नाई कोणाले."

हे वाक्य तेव्हा मी ऐकून सोडून दिलं. कॉलेजात आम्हा सगळ्यांचाच थकवा शून्य धरला जात होता, त्यात नवीन काय.

उदाहरणार्थ, उन्हाळा. दर उन्हाळ्यात आम्हा मास्तरांना ॲडमिशनसाठी गावोगाव पाठवतात. ऑटोत बॅनर, हातात पत्रकं, आणि घरोघरी जाऊन आमचं कॉलेज कसं चांगलं ते सांगायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा दर वर्षी रिकाम्या राहत होत्या, म्हणून भोयर सरांना जास्त गावं. आणि हे काम सरांइतकं वाईट कुणीच करत नसे. एकदा तलमडुगूला मी त्यांच्यासोबत होते. लक्ष्मणराव नावाच्या एका कास्तकाराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. त्यांची मुलगी अश्विनी बारावीला गणितात चांगली निघाली होती. लक्ष्मणरावांनी सरळ विचारलं, "पोरीले नोकरी लागंन का?"

सरांनी दस्ती काढली. मी डोळे मिटले. घडी मोडली, घातली, ठेवली. "सांगता येत नाई," सर म्हणाले. "शिकवतो मात्र मन लावून."

परतताना मी ही मुलगी हातची गेली असंच धरून टाकलं.  पण अश्विनी आमच्याच कॉलेजात आली, आणि इलेक्ट्रॉनिक्सलाच आली. तिच्या वडिलांनी पुढे मला कारण सांगितलं. "बाकीच्या कॉलेजवाले तं म्या इचाराच्या आधीच हो म्हणून राह्यले होते, बाई. ह्या माणसानं जरा इचार तरी केला."

अश्विनी शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. कास्तकारांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल जमिनीखालून जाते. उंदराने कुरतडली किंवा नांगराचा फाळ लागला की मोटार बंद, आणि तुटलं कुठे हे कळायला सगळा चर खोदून काढावा लागतो. अश्विनीने प्रोजेक्ट घेतला तो याच्यावर. केबलमध्ये एका टोकाने अतिशय चपळ विजेचा धक्का सोडायचा. जिथे तार तुटली तिथून तो परत फिरतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून तुटीचं अंतर कळतं. वेळ इतका थोडा की सर्किट फार वेगवान हवं. संगणकावर तिचं सर्किट सुरेख चाललं. तूट कुठे आहे ते वीतभर इकडेतिकडे सांगता येईल, असा ग्राफ आला.

त्याच महिन्यात संस्थेचे सेक्रेटरी साहेब आले होते. इलेक्ट्रॉनिक्स शाखा चालवायची की बंद करायची, याचा निर्णय घ्यायचा होता. शाखा गेली की भोयर सरांची नोकरी गेली, हे सांगायची गरज नव्हती. तो ग्राफ बघून साहेब खूश झाले. पत्रकार बोलवू, शेतात प्रत्यक्ष दाखवू, एवढं जमलं तर शाखा ठेवू, असं सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांना जिलबी मिळाली. सरांनी ती डब्यात ठेवली, घरी नेण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ते अश्विनीच्या शेजारी बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "हा ट्रान्झिस्टर कोठून आणला?"

"सर, तुमचाच हाय," अश्विनी म्हणाली.

आणि खरंच तो त्यांचाच होता. सरांनी इथे आल्या आल्या पहिल्या वर्गासाठी ट्रान्झिस्टरची एक सोपी फाईल बनवली होती. पोरांना सुरुवातीला गोंधळ नको म्हणून फक्त मुख्य आकडे भरले होते, थकव्याचे सगळे मुद्दाम रिकामे सोडले होते. संथ सर्किटांपुरती ती होती. ती फाईल एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे पेनड्राइव्हवर फिरत राहिली. कुणीतरी तिला 'भोयर सर फायनल' असं नाव दिलं. सरांचं नाव आहे म्हटल्यावर आत कोण बघतो? जो माणूस वर्षानुवर्षं लाकडी आंबा फिरवून 'दात लावू नका' सांगत होता, त्याचाच लाकडी आंबा पोरांनी श्रद्धेने खाल्ला होता.

सरांनी फाईल उघडली आणि थकव्याच्या रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवलं. अश्विनी घाबरली. "माझं चुकलं का, सर?"

"तुयं नाई, पोरी. मायं चुकलं. वर्गात सांगतलं, पण फाईलमधी लिवलं नाई."

त्यांनी ते आकडे भरले. बेंगळुरूच्या सवयीने त्यांनी आमच्या लॅबमधल्या जुन्या यंत्रांवर, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या जुनाट स्कोपवर, बाजारातून आणलेला तोच ट्रान्झिस्टर स्वतः मोजला. चार-पाच दिवस त्यांचा डबा तसाच परत जात होता. आकडे भरून ग्राफ पुन्हा काढला आणि वीतभराची गोष्ट संपली. धक्का सोडला की ऐकणारा ट्रान्झिस्टर त्या धक्क्यानेच भरून जात होता, आणि परत येणारा पडसाद यायच्या वेळी तो अजून आधीच्यातून उठलेला नव्हता. पडसाद त्याच्या सुस्तीत विरून जाई. तूट आहे एवढं कळे. नेमकी कुठे म्हणाल तर बैलगाडी उभी राहील एवढा तुकडा दाखवता येई. सर्किट बदललं तर सुधारलं असतं. त्याला पुढचा हंगाम लागला असता.

सेक्रेटरी साहेबांनी सरांना बोलावलं तेव्हा दार उघडं होतं आणि मी बाहेर सही घ्यायला उभी होते. "पहले वाला ग्राफ अच्छा था ना सर," साहेब म्हणाले. "वोइच दिखाओ. शेत में कौन नापने बैठता?"

सरांनी दस्ती काढली. साहेबांना ही सवय माहीत नव्हती. त्यांना वाटलं सरांना घाम आलाय, त्यांनी पंखा वाढवायला सांगितला. "साब," सर शेवटी म्हणाले, "वो ग्राफ ट्रान्झिस्टर का नहीं है. मेरी गलती का है."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, थोडं सांभाळून घ्यायचं होतं. नोकरीचा प्रश्न आहे." मला त्यांचा खरंच राग आला होता. इतकी वर्षं थकून, उन्हात पत्रकं वाटून, पगार उशिरा घेऊन हा माणूस टिकला, आणि आता एका ग्राफसाठी सगळं सोडून देतोय. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "लक्ष्मणराव खोदंन ना, मॅडम. त्या ग्राफवर इश्वास ठेवून खोदंन." एवढंच. मग ते लॅबकडे गेले.

प्रात्यक्षिक लक्ष्मणरावांच्याच शेतात झालं. कापूस वेचून झाला होता, वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. साहेब आले, दोन पत्रकार आले, आजूबाजूचे कास्तकार बांधावर बसले. अश्विनीने यंत्र जोडलं. पडद्यावर ती खचलेल्या बांधासारखी रेष आली. पत्रकाराने विचारलं, "कहाँ टूटा है, सर?"

सर चालत गेले, चराच्या बाजूने हळूहळू. एका जागी टाचेने रेघ ओढली. आणखी पुढे जाऊन दुसरी ओढली. "इथून इथपर्यंत," ते म्हणाले. "याच्या आत हाय. नेमकी जागा मले सांगता येत नाई."

पत्रकारांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब फोनवर बोलत गाडीकडे गेले. खोदायला सुरुवात झाली तेव्हा गाडी निघूनही गेली होती. तूट सापडली, दोन रेघांच्या आतच, पण दुसऱ्या रेघेला अगदी टेकून. लक्ष्मणरावांनी केबलची दोन्ही टोकं हातात धरून सगळ्यांना दाखवली. अख्खा चर खोदायचा वाचला म्हणून ते इतके खूश होते की त्यांनी सरांच्या हातात बळेच ज्वारीची पिशवी दिली. बातमी कुठल्याच पेपरात आली नाही. जून उजाडायच्या आत शाखा बंद झाली. उरलेल्या मुलांना दुसऱ्या कॉलेजात पाठवलं. सरांच्या निरोपाला फोटो काढला, त्यातही ते हसलेले नाहीत.

अश्विनी आता हैदराबादला नोकरी करते. तिचा मला मधूनमधून फोन येतो. पहिल्या आठवड्यात तिथल्या साहेबाने एक सुंदर ग्राफ दाखवला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, हा ट्रान्झिस्टर कुठून आणला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. हे सरांना सांगा, असं तिने मला बजावलं होतं.

सांगायला मी गेले ती मागच्या हिवाळ्यात, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी गेले. कॉलेजने पाठवलं होतं म्हणून. जैनथच्या बसस्टॉपवर उतरले तर समोरच भावाच्या दुकानात सर बसले होते. वांगी, अंबाडी, कोथिंबीर. सर बरेच वाळले होते. दाढी पांढरी झाली होती. गिऱ्हाईक भाव विचारी आणि दस्ती बाहेर येई. बायका तोवर दुसऱ्या दुकानाकडे वळत. मग भाऊच आतून ओरडून भाव सांगे.

मला पाहून ते उठले. त्यालाही वेळ लागला, गुडघ्यावर हात ठेवून उठले. मी अश्विनीचं सांगितलं. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊ लागलं, पण ते पूर्ण यायच्या आत मी माझ्या कामाचं बोलायला लागले. मला कॉलेजचा निरोप एकदाचा सांगून टाकायचा होता.

"सर, मला कॉलेजने पाठवलंय. लॅबमध्ये तुम्ही हवे आहात."

आणि मी सवयीने थांबायची तयारी केली. रस्त्याकडे नजर वळवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कवापासून?" सर म्हणाले.

दस्ती खिशातच होती. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाला असं चटकन उत्तर देताना पाहिलं नव्हतं.  मला परत बसमध्ये जाऊन बसावंसं वाटलं.

"तसं नाही, सर," मी म्हणाले. "एक दिवसासाठीच. लॅबची खोली वर्गाला द्यायची आहे. कोणतं यंत्र चालतं, कोणतं भंगारात द्यायचं, हे सांगणारं दुसरं कुणी नाही."

मग सरांनी दस्ती काढली. घडी मोडली. नीट मांडीवर पसरली, कोपऱ्याला कोपरा लावला, चौपदरी केली. एक बाई कोथिंबिरीची जुडी उचलून भाव विचारत उभी होती, तीही थांबली. दस्ती खिशात गेली.

"येतो," ते म्हणाले. "तोवर स्कोपले कोणी हात लावू नका म्हणा. त्याले गरम व्हायले वेळ लागते. लोकाइले वाटते, बंद पडला."